मांडीवरचं खोकं

रागिणी गावंडेला आपल्या हिंदीचा फार अभिमान होता. बदली होऊन चंदीगडात आलेल्या मराठी बायका बाजारात "भैया, ये भाजी कैसा दिया" म्हणत स्वतःचं हसं करून घ्यायच्या, तेव्हा ही सेक्टर बावीसच्या कापडवाल्याशी अशी घासाघीस करायची की तो तिला दिल्लीवाली समजायचा. महाराष्ट्र मंडळात कुणाचं शाळेत, बँकेत, घरमालकाशी काही अडलं की रागिणीला बोलावणं यायचं. ती दोन्हीकडचं ऐकून घ्यायची, मराठीतलं टोचणारं तेवढं काढून टाकायची, हिंदीला थोडं लोणी लावायची आणि काम करून आणायची. ती याला दुभाषेपणा म्हणायची. याला दुसरंही एक नाव आहे हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि काम होत असल्यावर सांगणार तरी कोण?

तिचा नवरा नंदकुमार सेक्टर एकोणचाळीसच्या सरकारी संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होता. अकोल्याकडच्या खेड्यातला कुणब्याचा पोर, जंतूंच्या विद्येत पार डॉक्टरेटपर्यंत गेला. रागिणी अमरावतीच्या हेडमास्तरांची मुलगी. तिने लग्नानंतर त्याची वऱ्हाडी घासून घासून काढली होती, आणि त्याने ती मुकाट्याने काढू दिली होती. माणूसच तसा होता, कुणाला दुखवायचं म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं.

अठ्ठ्याऐंशीच्या जानेवारीत तो लुधियान्याहून बसने परत येत होता. सोबत थर्माकोलचं एक खोकं होतं. त्यात बर्फावर ठेवलेल्या जंतूंच्या नळ्या होत्या आणि वर संस्थेचा लाल सरकारी शिक्का. मोरिंड्याच्या पुढे धुक्यात बस अडवली गेली. बंदुका घेतलेली चार पोरं चढली. त्यांना सरकारी माणूस हवा होता, सरकारचा खबऱ्या हवा होता. त्यांनी एकाला खाली उतरवलं, मोहरीच्या शेताच्या कडेला गोळ्या घातल्या आणि धुक्यात निघून गेली. मेलेला माणूस अजैबसिंग, खरडजवळच्या एका गावचा, शाळेत ड्रॉइंग मास्तर. तो नंदकुमारच्या शेजारच्या सीटवर बसला होता. नंदकुमारने पोलिसांना सांगितलं की मी झोपलो होतो, आवाजाने जागा झालो, मला काही माहीत नाही.

तो घरी आला तेव्हा त्याच्या खांद्यावर एक तपकिरी लोई होती, पंजाबात पुरुष पांघरतात तसली जाड लोकरीची शाल. ती लोई त्यांची नव्हती. नवऱ्याचा एक रुमाल इकडचा तिकडे झाला तरी दहा प्रश्न विचारणाऱ्या रागिणीने या लोईबद्दल एक शब्द विचारला नाही. तिने ती धुतली, डांबराच्या गोळ्या घालून ट्रंकेत तळाशी ठेवली आणि वर आपल्या साड्या रचल्या. न विचारण्यालाही कारण लागतं. ते कारण तिच्या मनात तेव्हापासूनच होतं, फक्त तिने त्याला बसायला जागा दिली नव्हती.

आणखी एक गोष्ट त्या बसमधून घरी आली. नंदकुमारच्या उजव्या हाताची मूठ मिटली होती, ती उघडेना. नसांच्या डॉक्टरांनी टाचण्या टोचून, तारा लावून पाहिलं आणि हात उत्तम आहे असा निकाल दिला. उत्तम हाताचा हा माणूस डाव्या हाताने चमच्याने वरणभात खाऊ लागला. शिवाय पगडी दिसली की त्याचा चेहरा पांढराफटक पडायचा. आता चंदीगडात राहून पगडी टाळायची म्हणजे नागपुरात राहून संत्रं टाळण्यासारखं. दूधवाला बदलला, भाजीवाला बदलला, शेवटी त्याने घराबाहेर पडणंच सोडलं. मंडळाचे राजाभाऊ, लष्कराच्या हिशेबखात्यातून निवृत्त झालेले आणि जगातल्या सगळ्या विषयांवर मत बाळगणारे, रोज संध्याकाळी येऊन सांगायचे की वहिनी, धसका आहे, दुसरं काही नाही, अतिरेकी पाहिलेत त्याने डोळ्यांनी. सगळ्यांना ते पटायचं. रागिणीला तर ते पटवून घ्यायची घाईच होती.

रजा संपत आली. संस्थेच्या डायरेक्टरांनी बोलावून अतिशय सभ्यपणे सांगितलं की एप्रिलअखेर गावंडे कामावर आले नाहीत तर प्रकरण मेडिकल बोर्डापुढे जाईल. पुढचं त्यांनी सांगितलं नाही, पण रागिणीला दिसलं. नोकरी जाणार, आणि हा बेचाळीस वर्षांचा माणूस मूठ मिटून अकोल्याच्या ओसरीवर उरलेलं आयुष्य काढणार. तिला तो माणूस परत हवा होता, संध्याकाळी भिंगातून दह्यातले जंतू दाखवून बोअर करणारा. त्यासाठी ती काहीही करायला तयार होती, आणि घोळ झाला तो या तयारीनेच.

नसांच्या डॉक्टरांनीच डॉक्टर ग्रेवालांचं नाव सुचवलं. जसवंतसिंग ग्रेवाल लष्करात मनोविकारतज्ज्ञ होते, आता सेक्टर एकवीसमधल्या आपल्या बंगल्यात पेशंट बघत. पांढरी दाढी, निळी पगडी. पहिल्या दिवशी नंदकुमार त्यांच्या खोलीच्या दारातच थिजला. डॉक्टर उठले नाहीत, जवळ आले नाहीत. त्यांनी आपली खुर्ची फिरवली, त्याच्याकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून पाऊण तास त्याच्याशी गप्पा मारल्या. रागिणीला हा माणूस आवडला.

महिनाभर नुसत्या गप्पाच झाल्या आणि मूठ काही सुटली नाही, तेव्हा डॉक्टरांनी केटामिनचं नाव काढलं. हे भूल द्यायचं औषध, भाजलेल्या जवानांची पट्टी बदलताना लष्करी इस्पितळात ते रोज वापरलं जाई. डॉक्टरांनी तिथे पाहिलं होतं की थोड्या मात्रेत ते दिलं तर माणूस पूर्ण झोपत नाही. तो देहापासून सुटतो, कुठेतरी तरंगत जातो, आणि जे बघायची त्याची छाती होत नव्हती ते लांबून बघू शकतो. काही जवान त्यातून बाहेर आले ते कायमचे हलके होऊन आले. काही नाही आले. परदेशातही थोडे डॉक्टर हे करून बघताहेत, पण खात्री कुणालाच देता येत नाही, मीही देत नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. मग ते रागिणीला म्हणाले, "दवा सिर्फ़ दरवाज़ा खोलती है, भैणजी. उसके बाद कुछ दिन मन गीले आटे जैसा रहता है. उन दिनों में जो उसमें रखो, वही पकता है." नंदकुमारने मान हलवून होकार दिला. तिने काय करायचं हे विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, काही नाही, बाहेरच्या खोलीत बसून चहा प्यायचा.

औषध द्यायच्या दिवशी नंदकुमार उपाशीपोटी कॉटवर झोपला. पडदे ओढलेले, डोळ्यांवर कापूस, शेजारी नाडी धरून बसलेली भूलतज्ज्ञ डॉक्टर लीना, ही मूळची केरळची. खोलीत फक्त डॉक्टर ग्रेवालांनी बोलायचं, असा नियम. इंजेक्शन दिलं. रागिणीचा चहा संपायच्या आत दार उघडलं आणि लीनाने तिला खूण करून आत बोलावलं. पेशंट बोलत होता, भरभरून बोलत होता, आणि खोलीतल्या कुणालाच त्यातला एक शब्द कळत नव्हता. हिंदी गेली होती, इंग्रजी गेली होती, रागिणीने पंधरा वर्षं घासून चढवलेली शुद्ध मराठीही गेली होती. खाली होती ती वऱ्हाडी तेवढी राहिली होती.

डॉक्टरांनी तिला स्टुलावर बसवलं आणि कुजबुजून सांगितलं, जे म्हणेल ते हिंदीत माझ्या कानात.

"धुकं हाये," नंदकुमार म्हणत होता. आवाज लहान पोरासारखा होता. "त्यानं खोकं मांडीवर घेतलं. म्हने, तुम्ही झोपा जी, थकले तुम्ही. लोई टाकली माह्या अंगावर."

रागिणीने खोकं सांगितलं. लोई सांगितली नाही. का नाही सांगितली हे तिलाही तेव्हा कळलं नाही, सवयीने गाळली गेली.

"बंदूकवाला इचारते, हे खोकं कोनाचं. त्यानं माह्याकडं पाह्यलं. बोलला नाही." कापसाखालून पाणी आलं. मिटलेली मूठ कॉटवर आपटू लागली. "म्या बोट दाखोलं. म्हनलं, याचं."

डॉक्टरांनी कान पुढे केला. रागिणीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिच्या समोर, हातभर अंतरावर निळी पगडी होती. त्या पगडीला आता सांगायचं होतं की माझ्या नवऱ्याने आपला जीव वाचवायला तुमच्यातला एक माणूस बोट दाखवून मारवला. तिला पोलीस आठवले, झोपलो होतो ही जबानी आठवली, खरडजवळ कुठेतरी असलेले त्या मास्तरचे भाऊबंद आठवले. दिवस कसे होते हे काय सांगायला हवं? दर नाक्यावर वाळूची पोती रचलेली, आणि सकाळी दार उघडलं की शेजारच्या रेडिओवर पहिल्यांदा मेलेल्यांचा आकडा.

मग तिने जे आयुष्यभर केलं तेच केलं. टोचणारं काढून टाकलं.

"कहते हैं, बंदूकवाले ने पूछा डिब्बा किसका है," ती डॉक्टरांच्या कानात म्हणाली. "तो उस सरदारजी ने इनकी तरफ़ उँगली कर दी. पर डिब्बा उनकी गोद में था, इसलिए उन्हीं को उतार लिया."

वाक्य इतकं घडीव निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं. डॉक्टर ग्रेवालांनी डोळे मिटून घेतले. त्यांना लागलं होतं, हे तिला दिसलं. लीना नाडी मोजत राहिली.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी दोघांना बोलावलं. मन अजून ओल्या कणकेसारखं होतं, म्हणजे कामाचे दिवस हेच. आज त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली नव्हती. ते उठून नंदकुमारच्या समोर आले आणि त्या म्हाताऱ्या माणसाने त्याच्यापुढे हात जोडले. ते म्हणाले की ज्याने तुमच्याकडे बोट दाखवलं तो माझ्या कौमचा होता. तो भ्याला होता, भीतीत माणूस काहीही करतो. तो माफी मागायला आता नाही, म्हणून त्याच्या वतीने मी मागतो. त्याला माफ करून टाका, तुमचा हात सुटेल.

नंदकुमारला आधी समजलंच नाही. मग समजलं. त्याने डॉक्टरांकडे पाहिलं नाही, मान वळवून बायकोकडे पाहिलं. पंधरा वर्षांच्या संसारात त्याने तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. राग नव्हता त्यात. रस्ता विचारायला थांबलेल्या माणसाला कळावं की हे गावच दुसरं आहे, तसा तो तिच्याकडे बघत होता.

घरी आल्यावर त्याने विचारलं, "काय सांगितलंस त्यांना?"

"जे ऐकलं ते," रागिणी म्हणाली आणि कणीक मळायला आत गेली.

त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. आठवडाभरात डावा हातही आखडू लागला. चमचा पडायचा. रागिणी भरवायला बसली की तो दोन घास घेऊन ओठ मिटायचा. एका दुपारी ती दळण घेऊन आली तर तो गॅलरीच्या कठड्याला पोट टेकून खाली बघत उभा होता. तिने पिठाचा डबा तिथेच टाकला आणि त्याला मागून मिठी मारली. तो विरोध न करता आत आला, पलंगावर बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून भिंतीकडे बघत राहिला. सांडलेलं पीठ भरताना तिच्या लक्षात आलं की आपण ज्याला वाचवायला खोटं बोललो तो त्या खोट्याखाली दबून मरतोय. हे तिला अगदी लख्ख कळलं. पण माणसाला कळलेलं सगळं लगेच करता येतं थोडंच? दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांना सांगायला म्हणून गेली आणि नंदकुमार जेवत नाही एवढंच सांगून आली.

डॉक्टर स्वतःवरच वैतागले होते. आपण काहीतरी चुकीचं त्याच्या मनात ठेवलं आणि ते भाजून पक्कं झालं, एवढं त्यांना कळत होतं, काय ते कळत नव्हतं. त्यांनी सांगितलं की आणखी एकदा औषध देऊन बघतो, मग मी हात टेकले, विजेचे झटके देणाऱ्या इस्पितळात पाठवावं लागेल. आणि या खेपेला दुभाषा दुसरा आणा. बायकोला हे ऐकायला लावणं बरं नाही, ते मी त्या दिवशी तुमच्या चेहऱ्यावर पाहिलं. मंडळात कुणी असेलच की.

असेलच की. राजाभाऊ तर एका पायावर तयार होते. त्याच संध्याकाळी ते घरी येऊन सांगून गेले की वहिनी, तुम्ही काळजी सोडा, मी बसतो आत, शब्दन्शब्द सांगतो, आपलं हिंदी तुमच्याइतकं नसेल पण पक्कं आहे. राजाभाऊंनी ऐकलं म्हणजे संध्याकाळच्या आत मंडळाने ऐकलं, संस्थेने ऐकलं आणि आठवड्यात खरडने ऐकलं. ती डॉक्टरांकडे गेली आणि मीच बसेन म्हणून अडून राहिली. त्याचं गावठी राजाभाऊंना कळणार नाही, ते रत्नागिरीचे, असंही तिने ठोकून दिलं. डॉक्टरांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"ठीक है," ते म्हणाले. "पर जो सुनाई दे, वही. न कम, न ज़्यादा."

ती हो म्हणाली. स्टुलावर जाऊन बसेपर्यंत आपण त्या होचं काय करणार आहोत हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

पुन्हा पडदे, पुन्हा कापूस, पुन्हा इंजेक्शन. बाहेर कुठेतरी बंद पुकारला होता आणि रस्त्यावर सायकलसुद्धा वाजत नव्हती. नंदकुमारचे दोन्ही हात आता छातीशी आखडले होते. बराच वेळ तो काही बोललाच नाही. रागिणीने मनात देवाला हात जोडले की नकोच बोलू, गप्प राहा, जाऊ दे हे सगळं. मग त्याचे ओठ हलले.

तेच धुकं आलं, तेच खोकं, तीच लोई. त्याच शब्दांत बोट आलं. डॉक्टरांनी कान पुढे केला आणि रागिणीच्या जिभेवर मागचं घडीव वाक्य तयार होऊन बसलं. नुसतं म्हणायचं होतं. डॉक्टर परत हात जोडतील, हा परत माझ्याकडे बघेल, मग झटके, मग ओसरी. पण घर तरी राहील. नाव तरी राहील.

"रागिनीले मालूम हाये," कॉटवरून आवाज आला. "लोई धुतली तिनं. इचारलं नाही. मालूम हाये तिले, पन सांगत नाही."

लीनाने मान वर केली. शब्द कळले नव्हते तरी नाव तिने ऐकलं होतं.

"माह्यं कोनी सांगतच नाही," तो म्हणाला, आणि रडू लागला.

 रागिणीने स्टुलाच्या कडा धरल्या. मग तिने डॉक्टरांच्या कानात न बोलता सरळ, मोठ्याने सांगितलं. नियम मोडला, पण तिला ते कुजबुजून सांगवेना. तिने हिंदीला लोणी लावलं नाही. डब्बा इनका था. उस आदमी ने सिर्फ़ पकड़ा था, ताकि ये सो सकें. अपनी लोई इन्हें ओढ़ाई. बंदूकवाले ने पूछा तो उस आदमी ने इनकी तरफ़ देखा और चुप रहा. उँगली इन्होंने उठाई. मैंने पिछली बार झूठ बोला था. ये भी अभी यही कह रहे हैं, कि मुझे मालूम है और मैं बताती नहीं.

डॉक्टर ग्रेवाल उठले. कोपऱ्यातल्या बेसिनवर जाऊन त्यांनी हात धुतले, बराच वेळ धुतले. रागिणी त्यांच्या पाठीकडे, पगडीच्या निळ्या पेडांकडे बघत राहिली. हा माणूस आता आम्हाला बाहेर काढणार, त्याच्याजागी मी असते तर हेच केलं असतं, असं तिच्या मनात आलं. ते परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते.

"भैणजी," ते हळू म्हणाले, "आपने मेरे मुँह से एक मरे हुए आदमी को बदनाम करवाया."

तिने मान खाली घातली.

मग ते कॉटशेजारी बसले, आणि पुढची पाच-सात मिनिटं त्यांनी जे केलं त्याबद्दल रागिणी त्यांची जन्मभर ऋणी राहिली. त्यांनी नंदकुमारला माफ केलं नाही. माफ करणारा मी कोण, असं ते नंतर म्हणाले. त्यांनी रागिणीला सांगितलं, माझी हिंदी त्याच्यापर्यंत पोचत नाही, तुम्ही विचारा, तुमच्या बोलीत विचारा. तो मास्टर अजून शेजारी बसला आहे. बंदूकवाला अजून विचारतोय. या वेळी काय सांगायचंय?

हेडमास्तरांच्या मुलीने जन्मात न बोललेली वऱ्हाडी तोंडात घेतली. "पाह्य बरं," ती त्याच्या कानाशी म्हणाली, "थो इचारून राह्यला. खोकं कोनाचं हाये?"

तो थरथरला. नाडी धरलेली लीना अर्धवट उठली. कपाळावर घाम आला, छातीशी आवळलेले हात आणखी आवळले गेले, आणि रागिणीला वाटलं हा आता इथेच जातो. मग फार लांबून आल्यासारखा आवाज आला.

"माह्यं," तो म्हणाला. "खोकं माह्यं हाये."

त्याने ते पुन्हापुन्हा म्हटलं, शेवटी दमून नुसते ओठ हलवत राहिला. रागिणी प्रत्येक वेळी डॉक्टरांना सांगत होती, डिब्बा मेरा है, डिब्बा मेरा है. डॉक्टरांना ते केव्हाच कळलं होतं, पण त्यांनी तिला थांबवलं नाही.

मूठ त्या दिवशी उघडली नाही. गोष्टीत उघडते तशी ती उघडायला हवी होती, पण नाही उघडली. औषधाने दार उघडलं होतं, आत शिरायचं काम बाकी होतं. पुढचे आठवडेच्या आठवडे ते डॉक्टरांकडे जात राहिले. डॉक्टर विचारायचे, नंदकुमार हिंदीत अडला की मराठीत बोलायचा, रागिणी सांगायची, आणि न गाळता सांगणं किती कष्टाचं असतं हे तिला रोज नव्याने कळायचं. एकदा नंदकुमार म्हणाला की खरं तर हिच्यावर मला राग आहे, खोटं बोलल्याचा नाही, लोई धुतल्याचा. त्या मास्तरच्या अंगाचा वास तिने घालवला. तेही तिने हिंदीत सांगितलं, रडत रडत सांगितलं. आधी डावा हात सुटला. मग उजव्याची करंगळी, तिच्याजवळचं बोट, मधलं. तर्जनी तेवढी मिटलेली राहिली. एप्रिलच्या शेवटी तो अशाच हाताने कामावर हजर झाला आणि पेन दोन बोटांत अडकवून सही करायला शिकला. पगडीवाल्या दूधवाल्याला त्याने स्वतः जाऊन परत बोलावलं.

जूनच्या एका सकाळी तो म्हणाला, लोई काढ. रागिणीने विचारलं नाही कशाला. लोई मास्तरच्या घरी नेऊन द्यायची आणि खरं सांगायचं, हे डॉक्टरांना त्याने आधीच सांगितलं होतं, आणि डॉक्टर म्हणाले होते की मी जा म्हणणार नाही आणि नको म्हणणार नाही, तिथे काय होईल ते मला माहीत नाही. रागिणीलाही माहीत नव्हतं. मास्तरची आई जिवंत आहे एवढंच कळलं होतं. ती दार लावून घेईल, भाऊ मारायला उठेल, कुणी पोलिसात जाईल, सगळं शक्य होतं. तिने लोई चादरीत बांधली, गाठ मारली आणि दोघं सेक्टर सतराच्या स्टँडवर खरडच्या बसमध्ये बसले. त्या जानेवारीनंतर तो प्रथमच बसमध्ये चढत होता. त्याची मान घामाने भिजली होती. रागिणीने गाठोडं त्याच्या हातून घेतलं आणि आपल्या मांडीवर ठेवलं.

मोहालीच्या पुढे बस अचानक थांबली. आडवा लावलेला ट्रक, खाकीतली माणसं, हातांत रायफली. पोलीस असावेत. पण तेव्हा पोलिसांचे कपडे घालूनही बस अडवल्या जात, हे बसमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. इंजिन बंद झालं तशी बोलणीही बंद झाली. एक पगडीवाला तरुण रायफल घेऊन वर चढला आणि सीटमागून सीट बघत पुढे सरकू लागला. पुढच्या बाकावरच्या बाईने आपल्या पोराचं तोंड दाबून धरलं होतं. रागिणीने नवऱ्याकडे पाहिलं. तो पांढरा पडला होता, जानेवारीत पडायचा तसाच, आणि तिला वाटलं की संपलं, एवढं सगळं केलेलं पाण्यात गेलं.

तरुण त्यांच्या बाकाशी थांबला. त्याने रायफलच्या नळीने रागिणीच्या मांडीवरच्या गाठोड्याला स्पर्श केला.

"ये किसकी है?"

त्याने नंदकुमारकडे पाहत विचारलं होतं. पण तोंड उघडलं रागिणीने. जुनी सवय, मरता मरत नाही. "मेरी" हा शब्द तिच्या ओठांवर आला होता, म्हणजे जे काय व्हायचं ते याचं न होता माझं होईल. तेवढ्यात तिच्या डोळ्यांसमोरून एक हात गेला. उजवा हात होता तो. त्याची तर्जनी सरळ झाली होती. ती तिच्याकडे वळली नाही, गाठोड्याकडे वळली नाही. नंदकुमारने ती स्वतःच्या छातीवर टेकवली.

"मेरी है जी," तो म्हणाला. "मैं सरकारी मुलाज़िम हूँ. गठरी मेरी है."

तरुणाने त्याच्याकडे पाहिलं, गाठ सोडायला लावली, लोई उलगडून झटकली. डांबराच्या गोळ्यांचा वास सगळ्या बसभर पसरला. लोई परत टाकून तो मागच्या बाकाकडे गेला. पोलीसच होते ते. थोड्या वेळाने ट्रक बाजूला झाला आणि बस निघाली.

रागिणी लोईची घडी घालू लागली तर तिचेच हात चालेनात. नंदकुमारने ती तिच्याकडून घेतली, नीट घडी घातली, चादरीत बांधली. खरड येईपर्यंत गाठोडं त्याच्याच मांडीवर होतं.